दाराकडची बाजू

अक्काचा फोन आला तो खोक्यासाठी. "बारक्या, ती गाडी या आठवड्यात भंगारात चाललीय म्हणे. तिच्यात माझं तिकिटांचं लाकडी खोकं राहिलंय. तेवढं काढून आण." अक्का माझी थोरली बहीण. आता धुळ्याला लेकीकडे असते, गुडघ्यांपायी घराबाहेर पडत नाही. गाडी म्हणजे तिचं फिरतं वाचनालय, एक पिवळी मेटॅडोर. जळगावच्या आसपासच्या खेड्यांतून अक्कानं ती दहा-बारा वर्षं फिरवली. मी म्हटलं, "तीस वर्षांत तुला खोकं आठवलं नाही?" तर म्हणाली, "आता आठवलं. जा."

गेलो. वाचनालय चालवणाऱ्या संस्थेचं आवार अजून तसंच आहे, पत्र्याची शेडही. समोर माझं पाट्या रंगवायचं दुकान होतं, तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. गाडीची चाकं मातीत रुतलीत, टपावर कबुतरांनी संसार मांडलाय, आणि जवळ गेलं की तापलेल्या पत्र्याचा, उंदरांचा आणि जुन्या कागदाचा मिळून एक वास येतो. शेडमध्ये ती नेहमी उभी असायची तशीच उभी होती, ड्रायव्हरची बाजू रस्त्याकडे, दाराची बाजू भिंतीकडे. रस्त्याकडच्या बाजूवर मला नको होतं तेच दिसलं. तीस उन्हाळ्यांनी निळा रंग खाल्लाय, कुठं नुसता डाग उरलाय, पण ओळ वाचता येते: गाव तिथे वाचन, फिरते ग्रामीण वाचनालय. एका दमात, एका ओळीत. सगळी अक्षरं पुढं कललेली.

आणि तोच जुना हेवा जागा झाला. या वयात लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

ती अक्षरं हिरामणची. हिरामण पेंटर, धुळ्याचा. ऐंशी सालानंतर कधीतरी तो जळगावला आला आणि आमच्या रांगेत शेवटच्या गाळ्यात त्यानं बस्तान बसवलं. का आला, धुळं का सोडलं, मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बोलणं वाढलं असतं, आणि मला ते वाढवायचं नव्हतं. पहिल्याच दिवशी तो माझ्या दारात आला, अंगात बाह्या कापलेला सदरा, कानाला पेन्सिल. धुळ्याकडच्या बोलीत म्हणाला, "भाऊ, एक वाटी रॉकेल शे का? ब्रश धुवाना शे." मी दिलं. ते ब्रश मी धुवू दिले नसते तर बरं झालं असतं, असं पुढं अनेकदा मनात आलं. खोटं कशाला बोलू.

तोवर आमच्या भागात अक्षर म्हणजे माझं अक्षर. गोल, भरदार, उभं, खाली डावीकडे सावली. विहाराच्या फाटकावरचं नाव माझं, जयंतीच्या कमानीवरची निळी अक्षरं माझी, पिठाच्या गिरण्या, सराफांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार माझे. माझा व तर लोक बोट करून दाखवायचे. कढईतली पुरी फुगावी तसा. हे वळण मला अक्कानं दिलेलं. मी शाळेत जाण्याआधी ती मला अंगणात बसवायची, पाण्यात बोट बुडवून फरशीवर व काढायला लावायची. वैशाखातली फरशी, अक्षर पुरं होईतो अर्धं वाळून जायचं. अक्का म्हणायची, "वाळायच्या आत गोल मिटला पाहिजे." मिटला नाही की पुन्हा बोट पाण्यात. ओल्या फरशीचा तो वास अजून नाकात आहे. म्हणून सांगतो, दुनिया काय म्हणते त्याची मला पर्वा नव्हती. अक्का बरं म्हणाली की झालं. आणि अक्का सहसा म्हणायची नाही.

हिरामणचं अक्षर म्हणजे काय होतं, ते आता कॉम्प्युटरवर बटण दाबून अक्षर तिरकं करणाऱ्यांना सांगून कळायचं नाही. बोरूच्या अक्षरात जाड-बारीक असतं. रेघ फुगते, निमुळती होते. याच्या अक्षरात तसलं काही नाही. सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकाच जाडीची रेघ, टोकं सपाट तोडलेली. म ची, भ ची गाठ गायब, तिथं फक्त एक खाच. गोल सगळे दोन्ही बाजूंनी दाबून उभट केलेले. माझी तीन अक्षरं मावतील तिथं याची सात मावायची, आणि तरी रस्त्यापलीकडून वाचता यायची. कारण एवढंच की आतली मोकळी जागा तो कधी बुजू द्यायचा नाही. वर सगळं अंग उजवीकडे कललेलं, डोक्यावर ओझं घेतलेली बाई भराभरा चालताना कलते तेवढंच. माथ्याची रेघ मात्र पाण्यासारखी आडवी.

हे तो शिकला धुळ्याच्या गल्ल्यांत. मी एकदा एसटीत बसून मुद्दाम पाहून आलो, घरी सांगितलं पारोळ्याला काम आहे. तिथल्या गल्ल्या सरळ, नंबर दिलेल्या, आणि दुकानं अशी अरुंद की दोन माणसं शेजारी उभी राहिली तर दुकान संपलं. एवढ्याशा कपाळावर मालकाचं नाव, बापाचं नाव, धंदा, सगळं बसवायचं. अक्षरानं अंग चोरल्याशिवाय गत्यंतर नाही. एका गल्लीत चालत गेलो तर दोन्ही बाजूंनी हिरामणच हिरामण. पांझरेच्या पुलावर उभा राहून भेळ खाल्ली आणि परत आलो. भेळ चांगली होती, पण मला काही गोड लागली नाही.

जळगावानं त्याला डोक्यावर घेतलं. दिल्लीला केळी नेणाऱ्या ट्रकांच्या फळ्यांवर तो. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर, पाण्याच्या टँकरवर, बँडवाल्यांच्या गाडीवर तो. सायकलीच्या चेनकव्हरवर मालकाचं नाव घालायचं, बोटभर जागा, तिथंही तो. निवडणूक आली की उमेदवाराचं तीन पदरी नाव एका भिंतीत बसवायला सगळ्या पक्षांचे लोक त्याच्याच गाळ्यापुढं. माझ्याकडे यायचे ते म्हणायचे, "भाऊ, जरा हिरामणसारखं काढा ना." हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. एकदा एका रसवंतीवाल्याला मी म्हटलं, "मग त्याच्याकडेच जा की." तो खरंच गेला.

आणि हिरामण काम करायचा उघड्यावर, सगळ्यांदेखत. वैशाखात दुपारी रंग ब्रशवरच आळून यायचा, म्हणून आम्ही पेंटर लोक उजाडता उजाडता भिंतीला लागायचो. गारव्यात टर्पेंटाइनचा वास कसा स्वच्छ यायचा, अळशीच्या तेलाचा जरा जडसर. शेजारच्या हॉटेलात शेवभाजीची फोडणी पडेपर्यंत कामं आटपलेली असायची. मी शिडीवरून चोरून त्याच्याकडे बघायचो. आम्ही सगळे आधी खडूची दोरी मारून माथ्याची रेघ ओढायचो आणि मग तिला अक्षरं टांगायचो. दांडीला कपडे वाळत घालावेत तशी. हा बाबा खालून सुरू करायचा. अक्षरं आधी जमिनीवर उभी करायचा, ओळभर नुसती बिनडोक्याची अक्षरं, आणि माथ्याची रेघ सगळ्यात शेवटी, एका श्वासात. मी एकदा न राहवून विचारलं, "हे उलटं कशाला?" तो हसला. "माणूसले उभं करतस तं पाय पयले टेकाडतस ना, भाऊ? टोपी मंग."

त्याला माझा राग येत नव्हता, याचा मला फार राग यायचा.

अक्का एक दिवस दुकानी आली. समोरच्या बिऱ्हाडाच्या भिंतीवर हिरामण शाळेची जाहिरात लिहीत होता. ती डोक्यावर पदर घेऊन उन्हात उभी राहिली, बराच वेळ. मी चहा मागवला, चहा गार झाला. मग म्हणाली, "याचं अक्षर चालतं रे."

मी म्हटलं, "आणि माझं?"

"तुझं पाटावर बसल्यासारखं असतं."

एवढंच. मी हसलो, हातातली कामं केली, संध्याकाळी जेवलो. पण ते वाक्य माझ्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं. पाण्यात बोट बुडवून मला व शिकवणारी बाई, तिला परक्याचं चालणारं अक्षर आवडलं. माझं बसलेलं.

त्यानंतर ती गाडी आली. संस्थेनं जुनी मेटॅडोर घेतली, आत फळ्या ठोकल्या, आणि अक्काला ग्रंथपाल नेमलं. आमच्या वस्तीतून मॅट्रिक झालेली ती पहिली बाई, आता पुस्तकांची गाडी घेऊन नशिराबाद, जामनेर, एदलाबादकडे जाणार. आमच्या घरात पुरणपोळी झाली. गाडी कोण रंगवणार हा प्रश्नच नव्हता माझ्या मनात. बहिणीची गाडी. मी तपकिरी कागद जोडून जोडून गाडीच्या मापाचा कागद केला आणि तीन दिवस अक्षरं आखली. ड्रायव्हरच्या दारामागून मागच्या चाकापर्यंत एवढीच सलग पट्टी, आणि संस्थेला हवं ते नाव हातभर लांब. माझी अक्षरं 'फिरते ग्रा' पर्यंत आली आणि चाकात गेली. पुन्हा आखलं. या वेळी 'ग्रामी' पर्यंत आली. कागद गुंडाळून मी अक्काकडे गेलो, म्हटलं, नाव कमी करा. ती मान खाली घालून पुस्तकांना शिक्के मारत होती. म्हणाली, "बारक्या, गाडी मी हिरामणला दिली."

मी कागद तिथंच टाकून आलो.

दोन दिवसांनी ती आपण होऊन माझ्या दुकानापाशी आली. उंबऱ्यातच उभी राहिली, आत आली नाही. "हिरामणचा निरोप आहे. गाडीवर तू पण ये म्हणतो. आजच ये, उद्या गाडी निघायची."

मला काय वाटलं, ते आज सांगतो. मला वाटलं, त्यानं आखून ठेवलंय आणि मी रंग भरायला यायचं. सख्ख्या बहिणीच्या गाडीवर मी त्या धुळेकराच्या रेघांत रंग भरायचा. मी म्हटलं, "त्याला सांग, माझे ब्रश रिकामे नाहीत."

"अरे, ऐकून तर घे."

"ऐकलं."

ती गेली. अक्काचं असंच होतं. एक गोष्ट ती दोनदा सांगायची नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवसांत हे झालं, झाडांना झोके बांधलेले होते, पोरी माहेरी आलेल्या, घरोघर मांडे आणि आंब्याचा रस. मी तिच्याशी बोललो ते थेट पोळ्याला. गाडी रोज माझं दुकान उघडायच्या आधी निघायची आणि दुपारी येऊन शेडमध्ये लागायची. दार कुणी फोडू नये म्हणून ड्रायव्हर ते भिंतीला खेटून लावायचा. माझ्या वाट्याला रोज समोर हीच बाजू. निळी, कललेली, पळणारी ओळ. मी दुकानातलं टेबल फिरवून पाठ रस्त्याकडे केली. गिऱ्हाइकं म्हणायची, भाऊ, उजेडाकडे पाठ कशाला? मी म्हणायचो, डोळे दिपतात.

पोळ्याच्या दिवशी अक्का म्हणाली, "एकदा त्या गाडीला फेरी तर मार." मी म्हटलं, "वेळ नाही." पुढच्या वर्षी पुन्हा कधीतरी म्हणाली. तेव्हाही मला वेळ नव्हता. म्हणजे दोनदा सांगितलं तिनं. हे आज लक्षात येतंय.

मत्सरानं माणूस काय करतो, तर चोरी करतो. माझी सांगतो. मी ठरवलं, याचा कल आपण मोजायचा. कल एकदा हातात आला की मग काय उरलं त्याच्यात? एका सायकलवाल्याची पाटी हिरामणनं लिहिली होती. उजाडायच्या सुमारास, दुकानं उघडायच्या आत, मी स्टुलावर चढलो, पाटीवर वर्तमानपत्र धरलं, अक्षराच्या कडेनं पेन्सिल ओढली, आणि घरी येऊन त्या मापाची पातळ लाकडाची पाचर कापली. खिशात मावायची. ती टेकवायची आणि कानेमात्रे ओढायचे, कसलाच अंदाज नको. पहिलंच काम मिळालं जामनेरला, एका बियाणांच्या दुकानाचं. दिवसभर खपून मी ती पाटी लिहिली आणि कोपऱ्यात सही केली: रेखा आर्ट, जळगाव. रेखा आर्ट म्हणजे माझं दुकान. सहीखाली एक छोटी रेघ आणि शेवटी टिंब, ही माझी पद्धत.

इथं आमच्यातली एक रीत सांगायला हवी. कुणी लिहून ठेवलेली नव्हती, पण सगळे पेंटर पाळायचे. ज्याचं वळण त्याची सही. गिऱ्हाइकाच्या हट्टापायी दुसऱ्याच्या वळणात अक्षर काढावं लागलं, तर कोपऱ्यात नाव त्या दुसऱ्याचं टाकायचं. हात कुणाचा का असेना. मी ती रीत मोडली. डोळे उघडे ठेवून मोडली.

पाटी टांगली, दुकानदार रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला, डोकं एका बाजूला केलं, मग दुसऱ्या बाजूला. म्हणाला, "भाऊ, अक्षरं पडू राह्यले ना. अशानं माझं बियाणं उभं राहील का?" मी म्हटलं, नवी पद्धत आहे, नजर बसायला वेळ लागतो. पण मलाही दिसत होतं. दारुड्यांची रांग वाटत होती.

आठवड्यानं अक्का जेवायला आली. वांग्याचं भरीत होतं, कळण्याची भाकरी. ती खाली मान घालून म्हणाली, "जामनेरला आज एक पाटी पाहिली. सही चुकलीय तिच्यावर." मी भरीत वाढून घेतलं. पुढं ती मिरचीच्या ठेच्याबद्दल बोलायला लागली.

आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर हिरामण शेजारी येऊन बसला. बशीत चहा ओतला, फुंकर मारली, आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "भाऊ, त्या सायकलवालानी पाटीना एक खिया निंघी जायेल शे. ती वाकडी टांगेल शे. तिना कल धरू नको." खिळा निघून पाटीच कलली होती, म्हणून माझं माप चुकलं होतं. त्यानं सगळं ओळखलं होतं. पाटी कुठली, माप कसं घेतलं, सगळं. सहीबद्दल शब्द नाही. उलट चहा संपल्यावर ओल्या बोटानं टेबलावर मला दाखवायला लागला, कल कसा धरायचा, हात खांद्यातून कसा सोडायचा. मी उठलो. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर मी त्याचा मित्र झालो असतो, इतकं मला बरं वाटलं असतं. पाचर मी त्या दिवशी बंबात घातली.

पुढची वर्षं कशी गेली ते काय सांगायचं. नव्वदनंतर रेडियमची अक्षरं कापणारी यंत्रं आली, मग छापील कापडी फलक. रंगाचे डबे दुकानात सुकून दगड झाले. उघडले की वर साय आणि खाली अजून ओला रंग, त्याचा वास मात्र तसाच. वाचनालयाची गाडी शेडमध्ये लागली ती लागलीच. हिरामण आधी सुरतेला गेला, आणि काही वर्षांनी तो वारल्याचंच कुणीतरी बसस्टँडवर सांगितलं. मी त्या माणसाला म्हटलं, बरं.  घरी आल्यावर मला खरंच वाटलं होतं, की आता तरी ही जळजळ संपेल. मेलेल्या माणसाचा कोण हेवा करतो? तर करतो. मी केला.

तर परवा मी खोकं काढायला शेडमध्ये शिरलो. दार भिंतीकडे, मधे जेमतेम एक माणूस जाईल एवढी फट. सदरा जाळ्यांनी भरला. कडीला हात घातला आणि नजर बाजूला गेली.

दाराशेजारी तीन शब्द होते. या, बसा, वाचा.

उभी अक्षरं. गोल, भरदार, खाली डावीकडे सावली. भिंतीच्या आडोशानं तीस वर्षं ऊन लागलं नव्हतं, त्यामुळे निळा रंग कालच लावल्यासारखा. पलीकडे त्याची ओळ उन्हानं खाल्ली होती आणि इकडे ही अक्षरं तजेलदार. माझीच अक्षरं. पण मी काढलेली नव्हेत. खाली कोपऱ्यात सही: रेखा आर्ट, जळगाव. तिच्याखाली छोटी रेघ, शेवटी टिंब. हिरामणचं नाव कुठंच नाही.

पेंटर आहे मी, मला समजायला वेळ लागला नाही. रस्त्याकडच्या बाजूला गाडीचं तोंड उजवीकडे, अक्षरं उजवीकडे कलली की गाडीबरोबर पुढं पळतात. पण या बाजूला तोंड डावीकडे. इथं तीच अक्षरं कलली तर मागं रेलतील, गाडीला मागं ओढतील. आणि ही तर दाराची बाजू. इथं गाडी थांबलेली असते, माणसं चढायची असतात. पळणाऱ्या अक्षरात कोण चढेल? इथं बसलेलं अक्षरच हवं. म्हणून त्यानं निरोप धाडला होता. रंग भरायला नव्हे. ही बाजू माझी होती. आणि मी गेलो नाही म्हणून त्यानं माझ्या वळणात ती स्वतः काढली, आणि रीत पाळली.

मी फटीतूनच अक्काला फोन लावला. "पाहिलं," म्हटलं.

ती म्हणाली, "खोकं सापडलं?"

"खोक्याचं राहू दे. तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगायलाच आले होते. तू म्हणालास, ब्रश रिकामे नाहीत."

 मी व कडे बघत होतो, आणि तोंडातून निघून गेलं, "त्याचा व माझ्यापेक्षा बरा आलाय अक्का."

फोनवर ती हसली, खोकली, मग म्हणाली, "मी तिथंच बसले होते पायरीवर. बाकी सगळं झालं भराभर. व शी अडला. रॉकेलच्या चिंधीनं पुसला, पुन्हा काढला. तीनदा पुसला. उन्हं चढली, मी म्हटलं, राहू दे रे, छान आहे. तर चिंधी फेकून म्हणतो, 'भाऊना व नही जमना माले, अक्का. त्याना हात कोठून आनू?' चेहरा असा उतरला होता बिचाऱ्याचा. तेव्हा मला कळलं."

"काय कळलं?"

"की जळणारा तू एकटाच नाहीस."

फोन ठेवला. आत पुस्तकं नव्हती, नुसत्या फळ्या आणि उंदरांनी कुरतडलेली तिकिटं. खोकं अक्काच्या बसायच्या जागेखालीच होतं, रिकामं. ते घेऊन मी दाराच्या पायरीवर बसलो. बसा असं लिहिलंच होतं. तिथून व अगदी डोळ्यासमोर येतो. पिवळ्या रंगावर नीट पाहिलं तर पुसलेल्या तिन्ही गोलांच्या फिकट कडा अजून दिसतात. मी चष्मा पुसून एकेक पाहिला, कुठं चुकलाय ते शोधत. तिन्ही माझ्यापेक्षा चांगले होते.